डोळ्यांच्या तपासणीतून हृदयविकाराची चाहूल



प्रतिवर्षी या अहवालात आम्ही नेत्रविभागाच्या कामाचा आढावा घेतो. बाह्यरुग्ण, शस्त्रक्रिया, चष्मेवाटप, शिबिरे अशा रकान्यांत ते काम मांडलेले असते आणि ते तसे मांडणे आवश्यकही आहे. कारण दिलेल्या रुपयाचा हिशेब मिळणे हा देणगीदाराचा हक्क आहे. तथापि या विभागात असेही एक काम घडते, की ज्यासाठी आमच्या तक्त्यात आजवर रकानाच नव्हता. डोळे दाखवावयास आलेल्या काही रुग्णांच्या बाबतीत त्यांच्या रक्तदाबाचा, मधुमेहाचा आणि त्यामागून येणाऱ्या हृदयाच्या धोक्याचा सुगावा डोळ्यांतूनच लागतो. या कामाविषयी यंदा थोडे सविस्तर लिहावे, असे ठरविले. आम्ही स्वतः वैद्यकीय पदवीधर नाही, हिशेब व व्यवस्था पाहणारी माणसे आहोत. आमच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते सामान्य वाचकास कळेल अशा भाषेत येथे मांडत आहोत.

एक प्रसंग

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून हा प्रसंग सांगतो. ढाणकीच्या पलीकडे, बंदी भागातील एका गावाहून पन्नाशीच्या एक शेतमजूर बाई आपल्या मुलासोबत आल्या. तक्रार एवढीच, की धान्यातले खडे निवडताना दिसत नाही. जवळचा चष्मा हवा. परिचारिकेने दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधावयास घेतला, तेव्हा त्या म्हणाल्या, "डोये दाखवाले आलो बाई, दंडाले पट्टा कायले बांधता?"

प्रश्न रास्तच होता. त्यांना छातीत दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, दिवसभर कापूस वेचण्याची ताकद अंगात होती. पण बाहुली मोठी करणारे थेंब टाकून डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा पाहिला, तेव्हा त्यावर ज्योतीच्या आकाराचे रक्तस्रावाचे बारीक फराटे आणि कापसाच्या पेळूसारखे फिकट ठिपके आढळले. रक्तदाब २०० च्या वर होता. त्याच दिवशी ईसीजी काढण्यात आला आणि हृदयाच्या डाव्या कप्प्यावर ताण आल्याची शंका व्यक्त झाली. पुढील तपासणीसाठी त्यांना मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी देण्यात आली. मुलगा म्हणाला, "सोयाबीन निघालं की नेतो." या उत्तराचे पुढे काय झाले, ते लेखाच्या उत्तरार्धात सांगू.

हे डोळ्यातच का दिसते?

शरीरातील रक्तवाहिन्या त्वचेखाली, स्नायूंत आणि हाडांच्या आड लपलेल्या असतात. हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्या पाहण्यासाठी मोठी यंत्रे लागतात. शरीरात एकच जागा अशी आहे, की जेथे बारीक रोहिण्या (शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्या) आणि नीला (अशुद्ध रक्त परत आणणाऱ्या वाहिन्या) कोणतीही चिरफाड न करता प्रत्यक्ष पाहता येतात. ती जागा म्हणजे डोळ्याच्या आतील पडदा, अर्थात दृष्टिपटल. डोळ्याचा दर्शनी भाग पारदर्शक आहे, म्हणून हे शक्य होते.

जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली डोळ्याच्या आत प्रकाश टाकून पडदा पाहण्याचे उपकरण जगापुढे मांडले. त्यापूर्वी जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा नीट पाहण्याचे साधन वैद्यांच्या हाती नव्हते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे नेत्रवैद्य मार्कस गन यांनी एक बारकावा टिपला. ज्या ठिकाणी रोहिणी नीलेवरून जाते, त्या ठिकाणी कडक झालेली रोहिणी खालच्या नीलेला दाबते आणि नीला तेथे चिमटल्यासारखी दिसते. ओल्या मातीवरील रबरी नळीवर लोखंडी नळ ठेवावा, तसा हा प्रकार. हे चिन्ह आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या एकाच शरीराच्या आहेत; त्यांतून वाहणारे रक्त एक, त्यावरील दाब एक, त्यातील साखर व चरबीही एकच. नळयोजनेच्या एका तोटीतून गढूळ पाणी आले, तर आपण केवळ त्या तोटीला दोष देत नाही. टाकीपर्यंत पाहावयास जातो. येथेही न्याय तोच.

डॉक्टरांना दिसणारी चिन्हे

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे चिन्ह उच्च रक्तदाबाचे. दाब दीर्घकाळ वाढलेला राहिला, की पडद्यावरील रोहिण्या अरुंद होतात, त्यांच्या भिंती जाड होतात आणि त्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश तांब्याच्या तारेसारखा भासतो. दाब आणखी वाढल्यास रक्तस्राव व पांढुरके ठिपके दिसतात आणि अखेरच्या अवस्थेत दृष्टीच्या मज्जातंतूचे टोक सुजते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅगनर व बार्कर या तीन डॉक्टरांनी १९३९ साली या बदलांच्या चार पायऱ्या ठरविल्या. त्यांच्या रुग्णांपैकी पहिल्या पायरीवरील ७० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. चौथ्या पायरीवरील केवळ ६ टक्के. रक्तदाबावर परिणामकारक गोळ्या उपलब्ध नसण्याचा तो काळ होता. आज गोळ्या आहेत, स्वस्तही आहेत. म्हणूनच हे चिन्ह वेळीच दिसण्याला आज त्या काळापेक्षा अधिक अर्थ आहे. तेव्हा ते पाहून भविष्य सांगता येत असे; आज ते बदलता येते.

दुसरे चिन्ह मधुमेहाचे. पडद्यावरील अतिसूक्ष्म वाहिन्यांना फुगवटे येतात, त्यांतून रक्त व स्राव झिरपतो. ज्या मधुमेही रुग्णाच्या पडद्यावर असे बदल झालेले असतात, त्याला हृदयविकाराचा धोकाही अधिक असल्याचे अनेक अभ्यासांतून आढळले आहे. यात आणखी एक पेच आहे. जुन्या मधुमेहात मज्जातंतू बधिर होत असल्याने काही रुग्णांना हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत म्हणावे तसे दुखत नाही. ज्याला दुखणार नाही, तो डॉक्टरकडे जाणार तरी कशाला? अशा माणसाच्या बाबतीत डोळ्याचा पडदा ही एक मोलाची सूचना ठरू शकते.

तिसरे चिन्ह पडद्याची रक्तवाहिनी बंद पडणे. नीला तुंबली, तर एका डोळ्याची दृष्टी वेदनेवाचून अचानक मंदावते. त्यामागे बहुधा रक्तदाब, मधुमेह किंवा रक्तातील चरबी असते. रोहिणी तुंबणे त्याहून गंभीर. मानेच्या मोठ्या रोहिणीतून चरबीचा कण किंवा हृदयातून रक्ताची गुठळी सुटून डोळ्यापर्यंत पोहोचल्याने असे होऊ शकते. रोहिणीत अडकलेला असा पिवळसर चमकता कण डॉ. हॉलनहॉर्स्ट यांनी १९६१ साली वर्णिला. हृदयाची लय बिघडलेली असेल किंवा लहानपणीच्या सांधेतापाने झडपा खराब झाल्या असतील, तर हृदयात गुठळ्या तयार होऊ शकतात. जी गुठळी आज डोळ्यात गेली, तिच्यासारखी दुसरी उद्या मेंदूत जाऊन लकवा होऊ शकतो. म्हणून अचानक एका डोळ्याने दिसेनासे होणे, मग ते पाच-दहा मिनिटांत पुन्हा दिसू लागले तरी, ही तातडीची बाब समजली जाते.

चौथे चिन्ह आरशातही दिसणारे. पापण्यांच्या आतील कोपऱ्यांत पिवळसर, मऊ, किंचित उंच चकत्या येतात. कोपनहेगन येथे सुमारे १२,७०० लोकांचा तीन दशकांहून अधिक काळ मागोवा घेऊन केलेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा चकत्या असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचे आढळले. बुबुळाभोवतीच्या करड्या कड्याबाबत मात्र त्याच अभ्यासात तसे स्वतंत्रपणे सिद्ध झाले नाही. वयोवृद्धांत ते कडे सर्रास असते आणि त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. तरुण वयात ते दिसल्यास रक्तातील चरबी तपासून घेणे इष्ट.

आपल्या विदर्भातील अनुभव

हे सर्व शहरी व सुखवस्तू लोकांचे आजार आहेत, अशी समजूत आपल्या भागात अद्याप आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने जर्मन संशोधकांच्या सहकार्याने २००६ ते २००९ या काळात नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावरील आठ खेड्यांत केलेला अभ्यास या समजुतीस छेद देतो. तीस वर्षांवरील ४,७११ ग्रामस्थांचे डोळे तपासताना त्यांच्या सर्वसाधारण प्रकृतीचीही तपासणी करण्यात आली. शेतीवर जगणाऱ्या या लोकांत पाचांपैकी सुमारे एकास उच्च रक्तदाब आढळला आणि त्यांतील बहुसंख्यांना त्याची कल्पनाही नव्हती. देशपातळीवरील चित्रही याच दिशेचे आहे. १९९० साली भारतातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे १५ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होत. २०१६ साली हे प्रमाण २८ टक्क्यांवर गेले होते.

ढाणकी परिसरातील कापूस, सोयाबीन व हळद पिकविणारा शेतकरी हृदयाची तपासणी करून घेण्यासाठी आपणहून नांदेड किंवा यवतमाळ गाठत नाही. डोळ्यांसाठी मात्र तो येतो. कारण सुईत दोरा ओवता येत नाही, रस्ता दिसत नाही, हे त्याला रोज जाणवते. हृदयाचा धोका जाणवत नाही, डोळ्याची अडचण जाणवते. नेत्रविभागाचे दार हे अशा रीतीने अनेकांसाठी दवाखान्याचे पहिले दार ठरते.

डोळा काय सांगू शकत नाही

येथे मर्यादा स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. डोळ्याचा पडदा पाहून हृदयाच्या रोहिणीत किती अडथळा आहे, हे सांगता येत नाही. पडदा निर्दोष असला म्हणजे हृदय निर्दोष, असेही नाही. छातीत दुखत असणाऱ्याने, थोड्या श्रमाने धाप लागणाऱ्याने डोळे दाखवावयास न येता थेट हृदयाची तपासणी करून घ्यावी. डोळा निदान करीत नाही. तो केवळ बोट दाखवितो. त्या दिशेने चालत जाणे हे रुग्णाचे व आपले काम.

पडद्याच्या छायाचित्रावरून संगणकाने हृदयाचा धोका ओळखावा, असे प्रयत्न अलीकडे सुरू आहेत. गुगलच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संगणकाला २,८४,३३५ व्यक्तींची छायाचित्रे दाखवून शिकविण्यात आले. त्यानंतर तो निव्वळ छायाचित्रावरून व्यक्तीचे अंदाजे वय, स्त्री की पुरुष आणि धूम्रपानाची सवय ओळखू लागला. पाच वर्षांत झटका येणारी व्यक्ती कोणती आणि न येणारी कोणती, अशा जोडीतून निवड करताना तो शंभरात सुमारे सत्तर वेळा बरोबर ठरला. हे यश कौतुकास्पद असले, तरी त्यावर विसंबून गोळी सुरू करावी, इतके ते पक्के नाही. दंडाला बांधावयाच्या पट्ट्याची जागा अद्याप कोणत्याही छायाचित्राने घेतलेली नाही.

मोतीबिंदूनंतर उघडणारी खिडकी

आमच्या भागातील एक विशेष अडचण देणगीदारांनी लक्षात घ्यावी, अशी आहे. पिकलेला मोतीबिंदू असलेल्या डोळ्याचा पडदा बाहेरून दिसतच नाही. काच पूर्ण धुरकटलेली असावी, तसे होते. शस्त्रक्रियेपूर्वी रक्तदाब व साखर तपासली जाते, पण पडद्यावर आधीच काय घडून गेले आहे, ते शस्त्रक्रियेनंतर काच स्वच्छ झाल्यावरच नीट पाहता येते. म्हणजे खिडकी उघडते ती शस्त्रक्रियेनंतर. आणि नेमक्या याच वेळी रुग्ण येणे थांबवितो. कारण त्याला आता दिसू लागलेले असते! पट्टी सुटली, चष्मा मिळाला, नातवंडांचे चेहरे दिसले. मग पुन्हा एस.टी.चे भाडे व मजुरीचा दिवस का घालवावा, असा त्याचा विचार. त्याला दोष देता येत नाही. पण दुसऱ्या भेटीस न आलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया आमच्या अहवालात 'यशस्वी' म्हणून मोजली जाते आणि त्याच्या पडद्याने जे सांगितले असते, ते कोणी ऐकलेले नसते.

'पाठविले' आणि 'पोहोचले'

आता एक उणीव मोकळेपणाने मान्य करतो. पूर्वी आमच्या नोंदवहीत पुढील तपासणीसाठी दिलेल्या चिठ्ठ्यांचा एकच रकाना असे: 'पाठविले'. वर्षअखेरीस त्याची बेरीज करून आम्ही समाधान मानीत असू. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला ही चूक आधीच दिसावयास हवी होती. द्विनोंदी पद्धतीत एका बाजूस नोंद झाली, की दुसऱ्या बाजूस तिची जोडनोंद हवीच. ती नसेल तर ताळेबंद जुळत नाही. 'पाठविले' या नोंदीसमोर 'पोहोचले' ही नोंद नसेल, तर आम्ही रुग्णाला हृदयतज्ज्ञाकडे पाठविले नाही, केवळ एक कागद त्याच्या हाती दिला.

हे आमच्या ध्यानी आले ते एका दुःखद घटनेने. चष्म्यासाठी आलेल्या एका गृहस्थांना पडद्यावरील बदल पाहून अशीच चिठ्ठी दिली होती. काही महिन्यांनी त्यांचा मुलगा कागदपत्रांसाठी आला, तेव्हा वडील हृदयविकाराने गेल्याचे कळले. चिठ्ठी घरातच, चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलेली होती. ते गेले असते तर वाचलेच असते, असे कोणी म्हणू शकत नाही. पण ती चिठ्ठी कशाची आहे, हे त्यांना उमगेल अशा शब्दांत आम्ही सांगितले नव्हते आणि नंतर विचारपूसही केली नव्हती, एवढे मात्र खरे.

त्यानंतर वहीत दुसरा रकाना आखला. चिठ्ठी देताना नातेवाइकास समोर बसवून, शक्य तेथे त्याच्याच बोलीत समजावून सांगण्यात येते. आठवड्याने फोन केला जातो आणि उत्तर न मिळाल्यास गावातील आशा कार्यकर्तीमार्फत निरोप धाडला जातो. आरंभी सांगितलेल्या बाईंच्या मुलालाही असा फोन गेला. पहिल्या वेळी त्याने पुन्हा सोयाबीनचेच कारण सांगितले. दुसऱ्या वेळी आमच्या परिचारिकेने त्याला एवढेच विचारले, "सोयाबीन काढायला माय लागते ना तुले?" चार दिवसांनी तो आईला घेऊन गेला. इको तपासणीत हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाल्याचे निष्पन्न झाले. आज त्या रोज गोळ्या घेतात आणि दर महिन्याला रक्तदाब तपासून घेतात. चष्माही मिळाला आहे. धान्य निवडताना खडे दिसतात.

नातेवाइकांस विनंती

आपल्या घरातील चाळीशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातही तो मोजला जातो. मधुमेह असल्यास दिसण्याची तक्रार नसली, तरी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी करावी. थेंब टाकल्यावर काही तास अंधुक दिसते व उजेड सहन होत नाही; म्हणून रुग्णासोबत कोणीतरी यावे आणि रुग्णाने स्वतः मोटारसायकल चालवू नये. रक्तदाबाची गोळी 'आता बरे वाटते' म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाकडे निघावे. आणि आम्ही दिलेली चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवू नये.

देणगीदारांस निवेदन

एका मोतीबिंदू शस्त्रक्रियेसाठी देणगी दिली, की एका माणसाला दृष्टी मिळाली, हे डोळ्यांना दिसते. त्याच माणसाला दुसऱ्या भेटीस आणण्यासाठी लागणारे गाडीभाडे, फोन करणाऱ्या परिचारिकेचा वेळ, पडद्याचे छायाचित्र काढणारा कॅमेरा, रक्तदाबाचे नीट चालणारे यंत्र या खर्चांतून जे मिळते, ते दाखविता येत नाही. न आलेला झटका, न झालेला लकवा, न मोडलेले घर यांची पावती फाडता येत नाही. जमाखर्चाच्या कोणत्याही पुस्तकात, न घडलेल्या गोष्टीची जमा बाजू नसते. तरीही यापुढील अहवालांत आम्ही शस्त्रक्रियांच्या आकड्यासोबत 'पाठविले' व 'पोहोचले' हे दोन्ही आकडे देणार आहोत. त्या दोहोंतील फरक ही आमची थकबाकी आहे, असे समजून विश्वस्त मंडळाने व आपण सर्वांनी आम्हांस त्याबद्दल दरवर्षी जाब विचारावा, ही नम्र विनंती.



प्रशासन विभाग,
ढाणकी, जि. यवतमाळ